डावा कौल

जामसंड्याहून पाहुणे येऊन गेले तेव्हा किशोरी खवणेकरला एकोणिसावं वर्ष पुरं होऊन दोन महिने झाले होते.

पाहुणे वाईट असते तर बरं झालं असतं. पण मुलगा चांगला होता, आणि तीच मोठी पंचाईत होती. ओंकार त्याचं नाव. जामसंड्यात बापाचं जाळी आणि दोरखंडाचं दुकान होतं, आणि ते आता तोच सांभाळत होता. चहाच्या कपाला हात लावण्याआधी त्याने किशोरीला विचारलं, "तुमका कोर्स पुरो करूचो आसा मां?" ती हो म्हणाली. "मगे करा," तो म्हणाला आणि मोकळेपणाने हसला. असा मुलगा तारकर्लीच्या त्यांच्या कोळवाड्यात दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

पाहुण्यांची गाडी माडांच्या आड गेली तशी आई, प्रेमलता, लेकीकडे वळली. "आता ह्याच्यात खोट काडून दाखय."

किशोरीने खोट काढली नाही. "माका लगीन करूचां नाय," एवढंच म्हणाली.

"कित्याक?"

त्या 'कित्याक'चं उत्तर किशोरीपाशी होतं. ते तोंडाबाहेर कसं काढायचं, एवढंच तिला माहीत नव्हतं.

हे तिसरं स्थळ. पहिल्या दोघांना तिने काहीबाही कारणं सांगून वाटेला लावलं होतं. एक फार लांबचा, दुसरा पिणारा. पण आता घराला घाई होती. तिचा थोरला भाऊ सुदेश पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेत असे, आणि त्याचं लग्न वेंगुर्ल्याच्या सारिकाशी ठरून दीड वर्ष होत आलं होतं. बापाचा, धोंडूचा, हेका एकच: घरात बहीण असताना भावाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या नाहीत. सारिकाच्या घरचे दर महिन्याला विचारत, आणि सुदेश दर महिन्याला थोडा जास्त गप्प होई. किशोरीला त्याचं तोंड बघून वाईट वाटे. आपण नुसतं 'हो' म्हटलं तर दोन घरं सुखी होतील, हे तिला रोज दिसत होतं.

आपण इतर मुलींसारख्या नाही, हे तिला नववीतच कळलं होतं. वर्गातल्या पोरी एका मुलाच्या नावाने एकमेकींना चिमटे काढत, तेव्हा ती खो-खोच्या कॅप्टनकडे बघत बसे, आणि ती कॅप्टन मुलगी होती. त्या वेळी तिला वाटलं, हे वय वाढलं की जाईल. वय वाढलं, ते गेलं नाही. पुढे मोबाइलवर तिने त्यासाठीचा शब्द वाचला, लेस्बियन. तो तिला दुसऱ्या कुणासाठी शिवलेल्या झग्यासारखा वाटला. मालवणीत तर त्याला शब्दच नव्हता. शब्द नसलेली गोष्ट आईला कोणत्या तोंडाने सांगायची?

मग ओरोसला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला तिने नाव घातलं आणि तिथे दीपिका भेटली.

दीपिका कणकवलीच्या पलीकडची, डोंगरपायथ्याच्या गावातली. घरी काजूची झाडं, थोडी भाताची जमीन. किशोरीपेक्षा वर्षभराने मोठी. बोलणं कमी, पण जे बोलेल ते नेमकं. रक्त घ्यायला शिकवण्याच्या पहिल्या दिवशी सरांनी मुलींच्या जोड्या लावल्या आणि एकमेकींवरच सराव करायला सांगितला. दीपिकाला किशोरीची शीर सापडेना. एकदा टोचलं, दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा टोचून दीपिकाच रडायला लागली. दंडावर कापूस दाबून धरलेली किशोरी खो खो हसत सुटली. "गो, टोचतंस तू आणि रडतंसय तूच?"

त्या दिवसापासून दोघी एकत्र डबा खाऊ लागल्या. घरी जायची वेळ झाली की किशोरी कसालपर्यंत दीपिकाबरोबर जाई, आणि तिथून दोघींच्या गाड्या दोन दिशांना फुटत. कसालच्या थांब्यावर किशोरी हल्ली मालवणची एक गाडी मुद्दाम सोडत असे. वर्षभराने, एका दुपारी लॅबमध्ये दोघीच असताना, मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता दीपिका म्हणाली, "माका तुझ्याशिवाय करमणा नाय."

"माकाव."

"तसां नाय, किशू." दीपिकाने डोळा काढला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मैत्रिणीसारख्यां नाय."

किशोरीच्या कानात समुद्र घुमायला लागला. पुढे कितीतरी दिवस तिला आठवत राहिलं ते हेच, की आपण काही बोललोच नाही. नुसता दीपिकाचा हात हातात घेतला आणि सरांची पावलं वाजेपर्यंत सोडला नाही.

मार्चमध्ये ओंकारचं स्थळ आलं आणि त्याच आठवड्यात सुदेशच्या हाती तिचा फोन लागला. त्याला फक्त एका गिऱ्हाइकाला फोन लावायचा होता. पडद्यावर मेसेज होता, 'आज तुझो हात सोडूक मन होयना.' पाठवणाऱ्याचं नाव होतं 'डी लॅब'.

"कोण ह्यो डी?" सुदेशने सगळ्यांसमोर विचारलं.

किशोरीने फोनसाठी हात पुढे केला.

"ओरोसाक शिकूक जातंय म्हणतंस, आणि थय हे धंदे? कोणत्या जातीचो आसा? बोल!"

चुलीपाशी भाकऱ्या थापणाऱ्या प्रेमलताचे हात थांबले. किशोरीच्या लक्षात आलं, हे सगळे एका मुलाला शोधतायत. जन्मालाच न आलेल्या मुलाला. क्षणभर तिला वाटलं, शोधू देत. जोवर त्याला शोधतायत तोवर दीपिका सुखरूप आहे.

पण चार दिवस घर तिच्या मागे लागलं. सुदेश ओरोसला जाऊन येण्याच्या गोष्टी करू लागला. आई देवळांचे उंबरे झिजवू लागली. शेवटी तीच म्हणाली, "आमचां काय ता ऐकना नाय. देवाकच विचारूया. कौल लावूया."

सोमवारी सकाळी चौघंही गावच्या देवळात गेली. गाभाऱ्यात गुरवाने देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. मग तो हात जोडून उभा राहिला आणि नेहमीच्या चढ्या आवाजात त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज हे धोंडू खवणेकर तुझ्या पायाशी इले आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," तिघं म्हणाली. किशोरीचे नुसते ओठ हलले.

"तेंच्या चेडवाच्या मनात कोण चेडो भरलो आसात, तर उजवो कौल दी. कोण चेडो नसात, तर डावो कौल दी, आणि ह्या लेकराक तुझी वाट दाखय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग सगळं थांबलं. समईची वात तडतडली. सुदेश पाकळ्यांवरून नजर हलवत नव्हता. उजवा पडला तर सुदेश उद्याच ओरोसला जाईल, पोरांची चौकशी करत दीपिकापर्यंत पोचेल. तिने देवाकडे बघितलं आणि मनातल्या मनात म्हणाली, देवा, तुका तरी म्हायत आसा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक पाकळी सुटली, घरंगळली आणि खाली पडली.

डावी.

"नाय," गुरव म्हणाला. "कोण चेडो नाय." कुणी मुलगा नव्हताच.

प्रेमलताने तोंडाला पदर लावला आणि ती रडायलाच लागली. सुदेशने मान खाली घातली. बहिणीवर उगाच आळ घेतला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. गुरवाने गुळाचा खडा हातावर ठेवला. बाहेर पडताना आईने ठरवूनही टाकलं, शुक्रवारी साखरपुडा, आजच जामसंड्याला फोन लावायचा. देवानेच वाट मोकळी केली, आता कसली अडचण?

आई आणि सुदेश पुढे गेली. धोंडू देवळाच्या पायरीवर चप्पल घालत होता. बोलणं कमी असलेला, उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने रापलेला माणूस. त्याचे डोळे ओले होते.

"माका म्हायत होतां," तो म्हणाला. "माझां चेडू खोटां बोलाचां नाय." लेकीला तो नेहमी चेडूच म्हणे.

तो रागावला असता, त्याने शिव्या घातल्या असत्या, तर किशोरी गप्प राहिली असती. ह्या विश्वासापुढे तिला गप्प राहवेना.

"बाबा, देवान खरांच सांगल्यान. चेडो नाय." ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "चेडू आसा."

"काय?"

"ती डी. दीपिका नाव तिचां. माझ्याबरोबर शिकता."

"मैत्रीण मगे."

"मैत्रीण नाय, बाबा. दादाक सारिकाबद्दल जसां वाटता, तसां माका तिच्याबद्दल वाटता. पयल्यापासून माझां असांच आसा. मी लगीन केलंय तर त्या ओंकाराक फसवतलंय."

धोंडूच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातात. आत गुरव पडलेल्या पाकळ्या गोळा करत होता, तिकडे त्याने एकदा पाहिलं. मग तो चालू लागला. घरी पोचला तरी दुसरी चप्पल त्याच्या हातातच होती.

घरी किशोरीने तेच आईला आणि सुदेशलाही सांगितलं. मग त्या दिवशी काय काय झालं ते तिने पुढे कधी कुणाला सगळं सांगितलं नाही. आईने आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर हात उचलला, आणि मग तोच हात स्वतःच्या कपाळावर मारून घेतला. सुदेशने फोन काढून घेतला आणि कपाटात घालून किल्ली खिशात टाकली. कोर्स बंद. घराबाहेर पाऊल नाही. आई कधी देवरशाचं नाव घेई, कधी डॉक्टरचं, कधी नुसती म्हणे, "माझां काय चुकलां गो? माझां काय चुकलां?" ते ऐकणं मारापेक्षा वाईट होतं. बाप पहाटे होडी घेऊन जाई, परत येई, जेवे, आणि तिच्याकडे न बघता वाळूत जाळं घेऊन बसे. जामसंड्याला आईने फोन केला, पण साखरपुडा एक आठवडा पुढे ढकलला. पोरीला ताप आहे, असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी शेवटची परीक्षा होती. हॉलतिकीट ओरोसला पडून होतं. दिवस एकेक करून जात होते आणि किशोरी माजघराच्या खिडकीत बसून, दीपिकाला काय वाटत असेल, ह्याच विचाराने झिजत होती. तिला वाटत असेल आपण हो म्हटलं. तिला वाटत असेल आपण घाबरलो.

आठव्या दिवशी, मंगळवारी, भर उन्हात अकराच्या सुमाराला खळ्यात, घरापुढच्या अंगणात, आवाज आला.

"किशोरी खवणेकर हयच रवता?"

किशोरी उठून उभी राहिली. ती दारापाशी आली.

खळ्यात दीपिका उभी होती. ओढणी घामाने मानेला चिकटलेली, हातात खाकी पाकीट. सुदेश होडीचं इंजिन उघडून बसला होता, तो हात पुसत उठला. आई मागच्या दारी मासळीची पाटी तशीच टाकून आली.

"कोण गो तू?" आईने विचारलं.

"दीपिका. ओरोसाक तिच्याबरोबर शिकतंय."

"डी," सुदेश म्हणाला.

दीपिकाने त्याच्याकडे पाहिलं. "व्हय. डी."

"लाज नाय वाटणा हय येवक?"

"वाटता. भियाव वाटता. वाटेत दोनदा उमासो इलो माका." तिने पाकीट छातीशी धरलं. "पण परवा तिची परीक्षा आसा. ह्यां हॉलतिकीट तिच्या हातात दिल्याशिवाय मी जावचंय नाय."

सुदेश तरातरा पुढे गेला आणि त्याने पाकीट तिच्या हातून ओढून घेतलं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरलं. किशोरी दारातून धावत खळ्यात आली.

"दादा, नको!"

"तुझ्यामुळे माझां दीड वर्स गेलां," सुदेश म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. ओरडायचं होतं, पण ते रडण्यासारखं बाहेर आलं. "सारिकाच्या घरच्यांनी उद्या विचारल्यानी तर काय सांगू? माझी भैण अशी आसा म्हणान सांगू?"

"सुदेश." धोंडू खळ्याच्या कडेला उभा होता, खांद्यावर वल्हं. तो केव्हा आला कुणालाच कळलं नव्हतं. "ता हय दी."

सुदेश हलला नाही. धोंडूने वल्हं माडाला टेकवलं, पुढे होऊन पाकीट त्याच्या हातातून सोडवून घेतलं आणि उघडलं. हॉलतिकीटावरच्या लेकीच्या फोटोकडे तो बघत राहिला. मग दीपिकाला विचारलं, "तुझ्या घराकडे म्हायत आसा?"

"नाय."

"मगे हय येवची हिंमत खंयसून इली?"

"आठ दिवस तिचो फोन बंद होतो. माका वाटलां, तिका काय तरी झालां." दीपिकाने ओढणीने तोंड पुसलं.

प्रेमलता म्हणाली, "तुमी तिका काय इचारतास? भायर काडा आधी! देवान वाट दाखवल्यान ती सोडून—"

"देवान काय सांगल्यान?" धोंडू वळला. "आमी इचारलंव, चेडो आसा? 'व्हय म्हाराजा' तूव म्हटलंस, मीयाव म्हटलंय. देवान सांगल्यान, नाय. खोटां सांगल्यान?"

"पण ह्यां असलां देवान खंय सांगल्यान?"

"तिका घराभायर काड म्हणानव सांगूक नाय." तो थांबला. आयुष्यात कधी इतकं बोलायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. "देवाक ह्यां म्हायत होतां. तरी तो रागावलो नाय. आठ दिवस मी दर्यात ह्योच इचार करतंय. देव रागावलो नाय, तर मी कोण?"

प्रेमलता दाराच्या चौकटीला टेकली.

मग तो किशोरीकडे वळला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "माका ह्यां कळणा नाय. कळात की नाय, ताव म्हायत नाय. पण तो जामसंड्याचो चेडो बरो आसा. तेका फसवून तुका मी देवचंय नाय. जा, परीक्षा दी."

त्याने खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर जामसंड्याला लावला. पाहुण्यांशी बोलताना त्याची भाषा अवघडली, शुद्ध झाली. "नमस्कार. मी धोंडू खवणेकर. आपलं जमणार नाही. तुमच्या मुलात खोट नाही. आमच्या मुलीतही खोट नाही. पण जमणार नाही. माफ करा." फोन ठेवून तो विहिरीवर पाय धुवायला गेला.

प्रेमलता पायरीवर खालीच बसली. सुदेश होडीचं इंजिन तसंच उघडं टाकून किनाऱ्याकडे निघून गेला.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं काही झालं नाही. दोघी पास झाल्या आणि कुडाळला दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये नोकरीला लागल्या. एक खोली भाड्याने घेतली. कोळवाड्यात बायका तिच्या लग्नाचं विचारत, आणि प्रेमलता सांगे, "ता अजून शिकता." सुदेशचं लग्न पुढच्या वर्षी झालं; बापानेच आपला हेका सोडला. लग्नात सुदेश किशोरीशी एकच वाक्य बोलला, "फोटोक ये." ती गेली. आई दर फोनला विचारी, इचार बदललो काय? बाप आता रोज जेवताना तिच्याशी फोनवर बोलत असे, मासे किती मिळाले, वारा कुठचा, पण दीपिकाचं नाव त्याच्या तोंडून कधी आलं नाही. 'तुझी ती' एवढंच.

लॅबमधल्या बाई एकदा म्हणाल्या, "काय गं, लग्नाचं बघतायत की नाही घरचे?" किशोरी म्हणाली, "मी दीपिकाबरोबर राहते, मॅडम. तसंच राहणार आहे." बाईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं, 'बरं' म्हटलं आणि पुढचा नमुना हातात दिला. जिन्यातून खाली उतरताना किशोरीच्या लक्षात आलं की आपण हे पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं.

दीपिकाच्या घरी मात्र निराळं झालं. डिसेंबरात तिच्या बापाने खारेपाटणकडचं स्थळ आणलं आणि तिने सांगून टाकलं. किशोरी त्या दिवशी तिच्याबरोबर गेली होती. तिथे कुणी देवाला विचारलं नाही, कुणी पाकीट उघडलं नाही. बापाने दोघींना खळ्यातूनच परत पाठवलं आणि मागून दीपिकाची कपड्यांची पिशवी रस्त्यावर ठेवली. पुन्हा ह्या वाटेला येऊ नको, म्हणाला. कुडाळला येईपर्यंत दीपिका ती पिशवी मांडीवर धरून बसली. खोलीत आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजली.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. किशोरीने सांगितलं, दीपिकाक घराभायर काडल्यानी.

पलीकडे चुलीवरचं भांडं खाली उतरवल्याचा आवाज आला.

"कालपासून काय खाल्ल्यान तिणां?" प्रेमलताने विचारलं.

"काय नाय. चाय पण नको म्हणता."

"पेज कर. भुकेल्या पोटान रडूक देव नको तिका." मग जरा थांबून, "आणि फोन दी तिच्याकडे. मी सांगतंय."

किशोरीने फोन दीपिकाच्या कानाशी धरला.